आईचं लग्न कायम असताना जर्मनीत बाळ झालं, तर कायद्याने वडील कोण? नागरिकत्वाचे कागद कसे करायचे?

जर्मनीत नोकरीनिमित्त राहणारी, भारतात लग्न झालेली बाई. नवऱ्यापासून वेगळी झाली आहे, घटस्फोट मात्र झालेला नाही. आता दुसऱ्या पुरुषापासून बाळ होणार आहे. हा दुसरा पुरुष जर्मन असेल, भारतीय असेल, नाहीतर तिसऱ्याच देशाचा असेल. 'डीएनए करू, खरे वडील सिद्ध करू, संपला विषय' असं बहुतेकांना वाटतं. जर्मन कायदा मात्र जन्माच्या वेळी रक्त पाहत नाही, लग्न पाहतो. त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचा कागद प्रयोगशाळेचा नसतो. घटस्फोटाच्या अर्जावरचा न्यायालयाचा तारखेचा शिक्का हाच तो कागद, आणि ती तारीख बाळाच्या जन्माआधीची असावी लागते.

ही माहिती जर्मनीत होणाऱ्या जन्मांसाठी आहे. भारतातला जन्म शेवटी थोडक्यात घेतला आहे.

कायदा वडील कोणाला म्हणतो

जर्मन नागरी संहितेचं, म्हणजे बेगेबेचं, कलम १५९२ वडील ठरवण्याचे तीनच मार्ग सांगतं. जन्माच्या वेळी आईचा नवरा असलेला पुरुष, पितृत्व रीतसर स्वीकारलेला पुरुष, किंवा न्यायालयाने वडील ठरवलेला पुरुष. क्रम महत्त्वाचा आहे. पहिला मार्ग लागू झाला की दुसरा आपोआप अडतो, कारण कलम १५९४ म्हणतं की एका पुरुषाचं पितृत्व कायम असेपर्यंत दुसऱ्याची स्वीकृती लागू होत नाही. नवरा पाच वर्षांत जर्मनीत आलाच नसेल, त्या काळात दोघांची एकदाही भेट झाली नसेल, तरी जन्मनोंदीत वडील म्हणून त्याचंच नाव लागतं. नवरा वारला असेल आणि बाळ त्यानंतर ३०० दिवसांच्या आत जन्मलं, तरीही वडील तोच.

लग्न आहे की नाही, यावर आपल्याकडची मंडळी हमखास चुकतात. 'लग्न रजिस्टर केलेलं नाही, म्हणजे कागदोपत्री सिंगलच' ही समजूत सोडून द्या. हिंदू विवाह कायद्यानुसार लग्न विधींनी होतं. नोंदणी हा पुरावा असतो, लग्न नव्हे. गावच्या मंडपात सप्तपदी झाली असेल तर ते लग्न जर्मनीतही धरलं जातं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेली फारकत किंवा पंचांसमोरची काडीमोड याच्या उलट टोकाला येते. जातीची जुनी, सिद्ध होणारी रूढी असेल तरच तिला कायद्यात जागा आहे, आणि ती रूढी परदेशी कार्यालयात सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. तिला घटस्फोट समजून पुढे जाऊ नका.

अविवाहित असल्याचं सांगून वेळ मारून नेण्याचा विचारही नको. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांच्या नावांखाली जोडीदाराचं नाव छापलेलं असू शकतं आणि नोंदणी अधिकारी ते पान उलटून पाहतो. खोटी माहिती दिल्याचं उघड झालं की जन्मनोंद तर अडकतेच, शिवाय व्हिसाच्या फाइलपर्यंत ती गोष्ट जाते.

घटस्फोट झालाय, पण भारतात झालाय

जन्माआधी घटस्फोट अंतिम झाला असेल तर जर्मन कायद्याने माजी नवरा वडील ठरत नाही. फक्त तो घटस्फोट जर्मनीत मानला जातो का, हे आधी पाहावं लागतं. निकालाच्या दिवशी दोघंही भारतीय नागरिक असतील आणि निकाल भारतीय न्यायालयाचा असेल, तर वेगळी मान्यता प्रक्रिया लागत नाही. कौटुंबिक प्रक्रिया कायद्याच्या कलम १०७ मध्येच हा अपवाद आहे. दोघांपैकी एकाने त्याआधी जर्मन नागरिकत्व घेतलं असेल तर हा अपवाद गेला. मग संबंधित राज्याच्या न्याय प्रशासनाकडे मान्यतेसाठी अर्ज करावा लागतो. ती येईपर्यंत जर्मनीच्या दृष्टीने बाई विवाहितच.

आता एक बारीक पण वाईट खाच. बाळाचं पितृत्व कोणत्या देशाच्या कायद्याने ठरवायचं, यासाठी जर्मन कायदा एकापेक्षा जास्त दारं उघडी ठेवतो. बाळ जिथे राहतं तिथला कायदा, तसाच त्या-त्या पालकाच्या नागरिकत्वाचा कायदाही. आणि भारतीय कायदा, म्हणजे पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ११२ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ११६, म्हणतो की विवाह संपल्यावर २८० दिवसांच्या आत बाळ झालं आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसेल तर ते माजी नवऱ्याचंच. त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध झालं तरच सुटका. म्हणजे घटस्फोटानंतर पाच महिन्यांनी जर्मनीत जन्मलेल्या बाळाला जर्मन कायद्याने कोणी वडील नाहीत, भारतीय कायद्याने मात्र माजी नवरा वडील आहे, अशी स्थिती येऊ शकते. मग अधिकारी माजी नवऱ्याचं नाव घालतो आणि नंतर केलेली स्वीकृती अडते.

यावर उपाय सोपा आणि फुकट आहे: खऱ्या वडिलांनी पितृत्व जन्माआधी स्वीकारायचं. मग जन्माच्या क्षणी दोन्ही कायदे दोन वेगळे वडील दाखवतात, आणि जर्मन न्यायालयांची भूमिका अशी की त्यातला बाळाच्या हिताचा, म्हणजे सहसा खरा, बाप धरायचा. जन्मानंतर, अगदी नोंद होण्याआधी केलेली स्वीकृतीसुद्धा उशिराची ठरू शकते. गरोदरपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यात हे उरकून घ्या.

स्वीकृती कशी करतात

सहसा तीन ठिकाणी होते: बालकल्याण कार्यालय म्हणजे युगेंटआम्ट, नोंदणी कार्यालय म्हणजे श्टांडेसआम्ट, किंवा नोटरी. युगेंटआम्टमध्ये पैसे लागत नाहीत. आधी वेळ घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती काही आठवड्यांनंतरची मिळते, म्हणून डॉक्टरांनी अपेक्षित तारीख सांगितली की लगेच फोन करा.

सोबत दोघांचे पासपोर्ट, दोघांचे जन्मदाखले आणि आईचं 'मुटरपास' हे गरोदरपणाचं निळसर पुस्तक घ्या. त्यातल्या अपेक्षित तारखेवरून कागदावर 'अमुक सुमारास जन्मणारं बाळ' असं लिहितात. आईचं लग्न झालेलं असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि घटस्फोटाचे जे कागद असतील तेही. भारतीय कागदांचं भाषांतर जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या. महाराष्ट्रातले दाखले मराठी-इंग्रजी असले तरी जर्मन भाषांतर वेगळं लागतंच.

प्रत्यक्ष काम अर्ध्या-पाऊण तासाचं. अधिकारी दस्त मोठ्याने वाचून दाखवतो. पितृत्वाचे परिणाम सांगतो: पोटगी, वारसा, आणि हे की एकदा लागू झालेलं पितृत्व नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. मग पुरुषाची सही, आईची संमती, तिचीही सही. जर्मन नीट कळत नसेल तर दुभाषी लागतो. मित्राला किंवा बहिणीला दुभाषी म्हणून नेलं तर अधिकारी परत पाठवू शकतो. दस्त हातात पडला की स्वतःच्या प्रती जपून ठेवा, पुढे प्रत्येक कार्यालय ती मागतं.

आई विवाहित असतानाही ही स्वीकृती करता येते. ती फक्त लटकलेली राहते आणि नवऱ्याचं पितृत्व गेलं की जिवंत होते. एखादा कर्मचारी 'तुम्ही विवाहित आहात, मग हे होणारच नाही' म्हणाला तर शांतपणे कलम १५९९ च्या दुसऱ्या परिच्छेदाचं नाव घ्या. त्याच परिच्छेदावर पुढचा सगळा खेळ आहे.

सगळ्यात चांगला रस्ता: जन्माआधी घटस्फोटाचा अर्ज

कलम १५९९, परिच्छेद २. बाळ जन्मलं तेव्हा घटस्फोटाचा अर्ज न्यायालयात दाखल झालेला असेल आणि खऱ्या वडिलांनी घटस्फोट अंतिम झाल्यापासून एका वर्षाच्या आत पितृत्व स्वीकारलं, तर नवऱ्याचं पितृत्व खटल्याशिवाय सुटतं. त्यासाठी तीन माणसांचे दस्त लागतात: वडिलांची स्वीकृती, आईची संमती आणि नवऱ्याची संमती. तिन्ही रीतसर, अधिकाऱ्यासमोर केलेले.

इथे तारखेचं गणित कडक आहे. समजा बाळाची अपेक्षित तारीख १० ऑगस्ट आहे. वकिलाने अर्ज २८ जुलैला न्यायालयात पोहोचवला आणि बाळ ६ ऑगस्टला आलं, तर रस्ता मोकळा. अर्ज १२ ऑगस्टला गेला आणि बाळ १० तारखेला झालं, तर रस्ता बंद, मग नवरा कितीही राजी असो. नवऱ्याला नोटीस केव्हा मिळाली याने फरक पडत नाही, अर्ज न्यायालयात पोहोचल्याचा दिवस धरतात. बाळं लवकरही येतात, हे लक्षात घेऊन अर्ज सातव्या महिन्यातच टाकायला सांगा. घटस्फोटासाठी जर्मनीत अर्जदाराला वकील सक्तीचा आहे, त्यामुळे वकील शोधण्याचा वेळही यात धरा.

पुढे घटस्फोट प्रत्यक्षात व्हावा लागतो. अर्ज मागे घेतला किंवा फेटाळला गेला तर ही सगळी रचना कोसळते आणि नवराच वडील राहतो. म्हणून नुसती तारीख साधायची म्हणून घाईत टाकलेला, टिकणारच नाही असा अर्ज धोक्याचा.

तो अर्ज कोणत्या कायद्याने चालतो हेही बघा. जर्मन न्यायालय म्हटलं की जर्मन कायदाच, असं नसतं. आई वर्षभर जर्मनीत राहत असेल तर न्यायालयाला अधिकार मिळतो. मात्र नवराबायको दोघंही भारतीय असतील, जर्मनीत कधी एकत्र राहिलेच नसतील आणि त्यांनी कायदा निवडलेला नसेल, तर युरोपीय नियमांनुसार समान नागरिकत्वाचा कायदा लागू होऊ शकतो. मग जर्मन न्यायाधीश हिंदू विवाह कायदा उघडून बसतो! ऐकायला विचित्र वाटतं, पण याचा फायदा आहे. परदेशी घटस्फोट भारतात केव्हा चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या वाय. नरसिंह राव निकालात सांगितलं आहे: लग्न ज्या कायद्याखाली झालं त्यातल्या कारणावर निकाल हवा आणि दुसऱ्या बाजूने खऱ्या अर्थाने सहभाग घेतलेला हवा, किंवा निकाल मान्य केलेला हवा. जर्मन 'वेगळं राहण्याचं वर्ष' दाखवून एकतर्फी मिळवलेला घटस्फोट भारतात अडू शकतो. मग बाई जर्मनीत घटस्फोटित आणि भारतात विवाहित, असा त्रिशंकू होतो. वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, 'हा निकाल भारतात टिकेल का?'

नवरा भारतात असेल तर त्याच्या संमतीचा दस्त जर्मन वाणिज्य दूतावासात होतो, महाराष्ट्रातल्या माणसासाठी मुंबईत. गल्लीतल्या नोटरीचा शिक्का मारलेल्या ॲफिडेव्हिटवर विसंबू नका. कायद्याला रीतसर दस्त हवा असतो आणि श्टांडेसआम्ट असं ॲफिडेव्हिट परत पाठवू शकतं. नवरा बोलत असेल, पण सही करायची की नाही यावर अडून बसला असेल, तर त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा: सही केली नाही तर बायकोने दुसऱ्या पुरुषापासून जन्माला घातलेल्या बाळाची पोटगी आणि वारसा कायद्याने त्याच्याच गळ्यात राहतो. अडून बसण्याचा तोटा त्यालाच जास्त आहे.

रस्ता चुकला तर: पितृत्वाला आव्हान

अर्ज वेळेत गेला नाही किंवा नवरा सही देत नाही, तर कौटुंबिक न्यायालयात पितृत्वाला आव्हान द्यावं लागतं. नवरा, आई, बाळ आणि खरा बाप यांना ते देता येतं. मुदत दोन वर्षांची. पितृत्वावर शंका यावी अशी माहिती कळल्यापासून ती मोजतात, पण जन्माआधी ती सुरू होत नाही. आईला सत्य पहिल्या दिवसापासून माहीत असतं, म्हणून तिची मुदत बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसाला संपते. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांची फाइल इथेच बंद होते. बाळ सज्ञान झाल्यावर त्याला स्वतःला नवी मुदत मिळते, पण अठरा वर्षं चुकीच्या नावाखाली काढून.

खऱ्या बापाच्या हक्काविषयी इंटरनेटवरचे जुने लेख वाचताना तारीख बघा. पूर्वी नवरा आणि बाळ यांच्यात कुटुंबासारखं नातं जुळलेलं असेल तर खऱ्या बापाला आव्हान देताच येत नसे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ९ एप्रिल २०२४ ला ही तरतूद घटनाविरोधी ठरवली आणि कायदेमंडळाला ती बदलायला सांगितली. त्याआधीचे सल्ले आता उपयोगाचे नाहीत.

न्यायालय डीएनए तपासणीचा आदेश देतं आणि ती सगळ्यांना द्यावी लागते. या प्रकरणात पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही. न्यायालयीन शुल्क मोजायला खटल्याचं मूल्य सहसा २००० युरो धरतात, त्यामुळे शुल्क फार नसतं. तज्ज्ञाच्या अहवालाचा खर्च मात्र वेगळा येतो. उत्पन्न कमी असेल तर खर्चासाठी सरकारी मदतीचा अर्ज करता येतो.

आधीच खासगीत डीएनए करून घेण्याचा मोह होतो. जर्मनीत चोरून केलेली तपासणी बेकायदा आहे आणि न्यायालयात ती चालत नाही. बाळाच्या वतीने संमती द्यायचा अधिकार ज्यांच्याकडे पालकत्व आहे त्यांना असतो, म्हणजे लग्न कायम असेल तर कायदेशीर वडील असलेल्या नवऱ्यालाही. खासगी प्रयोगशाळा त्याची सही मागेल.

आव्हान खऱ्या बापाने दिलं आणि जिंकलं तर त्याच निकालात त्याचं पितृत्वही ठरतं. आई किंवा नवऱ्याने दिलं असेल तर निकालानंतर आधी करून ठेवलेली स्वीकृती लागू होते.

दरम्यानच्या काळात काय अडतं

रुग्णालय किंवा पालक जन्माची खबर एका आठवड्यात श्टांडेसआम्टला देतात. भारतीय कागद तपासायचे असतील तर गाडी इथे थांबते. भारताच्या अपोस्टिलला, म्हणजे परदेशात वापरण्यासाठी कागदावर मारतात त्या शिक्क्याला, जर्मनीने हरकत घेतलेली आहे, आणि जर्मन वकिलातींनी भारतीय कागदांचं साक्षांकनही बंद ठेवलं आहे. त्याऐवजी श्टांडेसआम्ट वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी मागतं. वकिलातीने नेमलेले वकील प्रत्यक्ष ग्रामपंचायतीत, महापालिकेत किंवा विवाह निबंधकाकडे जाऊन मूळ नोंद बघतात. यात महिने जातात. म्हणून आईचा जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र आणि घटस्फोटाचे कागद यांत नावांची स्पेलिंग एकच आहेत का, हे आधीच तपासा. लग्नानंतर बदललेलं नाव एका कागदावर आणि माहेरचं दुसऱ्यावर, हीच बहुतेक फाइलींची दुखरी नस.

जोवर नवरा कायदेशीर वडील आहे, तोवर पालकत्व आई आणि नवरा दोघांचं. बाळाच्या पासपोर्टवर, परदेश प्रवासावर, मोठ्या वैद्यकीय निर्णयांवर त्याची सही लागू शकते. तो हाताशी नसेल तर कौटुंबिक न्यायालयाकडून एकट्या आईला त्या बाबीपुरता अधिकार मागता येतो. युगेंटआम्ट यात मदत करतं.

बाळ परदेशी नागरिक ठरत असेल तर जन्मापासून सहा महिन्यांच्या आत परदेशी नागरिक कार्यालयात त्याच्या राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. पासपोर्ट नाही म्हणून अर्जच टाकायचा नाही, असं करू नका. अर्ज वेळेत टाका आणि पासपोर्ट का अडलाय, ते कागदांनिशी लिहून द्या.

नागरिकत्व

आधी आईकडे बघा. बऱ्याचदा वडिलांचा प्रश्न सुटण्याआधीच नागरिकत्वाचा प्रश्न तिथे सुटलेला असतो.

आई जर्मन असेल तर बाळ जन्मतः जर्मन, वडील कोणीही असोत. आई भारतीय असेल, पण जन्माच्या दिवशी तिचा जर्मनीतला कायदेशीर मुक्काम पाच वर्षांचा झालेला असेल आणि तिच्याकडे कायमचा परवाना असेल, तर जर्मनीत जन्मलेलं बाळ तिच्यामुळेच जर्मन होतं. ही पाच वर्षं २७ जून २०२४ पासून आहेत, आधी आठ होती. नोकरीसाठी मिळणारं ब्लू कार्ड हा कायमचा परवाना नाही, हे विसरू नका. बाळ होण्याआधी आई कायमच्या परवान्याला पात्र झाली असेल तर तो अर्ज पितृत्वाच्या कागदांइतकाच तातडीचा. परवाना जन्माच्या दिवशी हातात हवा, नंतर आलेला उपयोगाचा नाही.

आईमुळे काम झालं नाही तर कायदेशीर वडील पाहतात, नुसता खरा बाप नाही.

नवरा भारतीय आणि खरा बाप जर्मन: जन्माच्या वेळी बाळ जर्मन नाही. खऱ्या बापाचं पितृत्व लागू झालं की ते जन्मापासूनचं धरलं जातं आणि बाळ जन्मापासून जर्मन ठरतं. यासाठी स्वीकृती, किंवा पितृत्व ठरवण्याची कारवाई, बाळ २३ वर्षांचं होण्याआधी सुरू झालेली असावी लागते. सुधारलेली जन्मनोंद हातात आली की तिच्या आधारे जर्मन पासपोर्ट मागायचा.

नवरा जर्मन आणि खरा बाप भारतीय: बाळ नवऱ्यामुळे जन्मतः जर्मन होतं. पण न्यायालयात नवऱ्याचं पितृत्व गेलं तर ते नागरिकत्वही मागच्या तारखेपासून जातं, जर त्याला दुसरा आधार नसेल आणि बाळ अजून पाच वर्षांचं झालेलं नसेल. पाच पूर्ण झालेल्या बाळाचं जात नाही. इथे आव्हान कधी द्यायचं, याचा विचार वकिलासोबत बसूनच करा, कारण आईची दोन वर्षांची मुदत आणि बाळाची पाच वर्षं एकमेकांना छेदतात.

खरा बाप जर्मन आहे आणि आईकडे जर्मनीत राहण्याचा परवाना नाही, किंवा तो संपत आला आहे, अशा प्रकरणांत अधिकाऱ्यांना शंका येते की पितृत्व केवळ परवान्यासाठी घेतलं जातंय. २०१७ पासून कलम १५९७अ नुसार दस्त करणारा अधिकारी काम थांबवून परदेशी नागरिक कार्यालयाला कळवू शकतो. पण तोच नियम असंही सांगतो की स्वीकारणारा खरा जैविक बाप असेल तर त्याला गैरवापर म्हणता येत नाही. अशा वेळी सगळ्यांच्या संमतीने केलेला, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा डीएनए अहवाल पुढे ठेवा, वाद तिथेच संपतो.

भारताची बाजू

आई किंवा कायदेशीर वडील भारतीय असतील तर परदेशात जन्मलेलं बाळ भारतीय होऊ शकतं, पण आपोआप नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी लागते. जर्मनीत त्यासाठी बर्लिनचा दूतावास आणि फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिक इथले वाणिज्य दूतावास आहेत. नोंदीच्या वेळी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं जाहीर करावं लागतं. वर्ष उलटल्यावर केंद्र सरकारची परवानगी लागते.

इथे दोन घड्याळं एकदम चालतात. पितृत्वाचा निकाल वर्षभरात आला नाही आणि तुम्ही भारतीय नोंदही केली नाही, तर बाळ ना इकडचं ना तिकडचं, अशी पाळी येते. बाळ आईमुळे भारतीय होऊ शकत असल्याने वडिलांचा वाद मिटलेला नसला तरी नोंद मागता येते. जर्मन जन्मदाखल्यावर नवऱ्याचं नाव असेल तर तेच दाखवा, दोन देशांत दोन वेगळे वडील लिहू नका. पहिल्या वाढदिवसाआधी, साधारण दहाव्या महिन्यात, बसून ठरवा: जर्मन नागरिकत्व नक्की येणार असेल तर भारतीय नोंदीच्या मागे लागू नका. खात्री नसेल तर नोंद करून ठेवा.

बाळाला भारतीय पासपोर्ट मिळाला आणि पुढे ते जन्मापासून जर्मन ठरलं, तर जर्मन पासपोर्ट काढताना भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. भारत दोन नागरिकत्वं चालवत नाही, जर्मनीने २७ जून २०२४ पासून ती मोकळी केली असली तरी. जर्मन झालेल्या बाळासाठी आईवडिलांपैकी एक जरी भारतीय असेल तर ओसीआय कार्ड मिळतं, भारतात ये-जा करायला ते पुरतं.

बाळंतपणासाठी भारतात गेलात तर चित्र बदलतं. भारतात जन्मलेल्या बाळाचा एक पालक भारतीय असेल आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर बाळ जन्मतः भारतीय. नोंद २१ दिवसांत करायची. दाखल्यात वडील म्हणून काय लिहायचं, हे रुग्णालयाच्या फॉर्मवर सही करण्याआधी ठरवा. विवाहित बाईच्या बाबतीत साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ चं गृहीतक भारतात जर्मनीपेक्षाही घट्ट आहे: नवराबायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं आणि डीएनएचा आदेश न्यायालयं सहजी देत नाहीत. खरा बाप जर्मन असेल आणि बाळासाठी जर्मन पासपोर्ट हवा असेल, तर बाळंतपण जर्मनीत होणंच कागदांच्या दृष्टीने सोयीचं.

निकाल लागल्यावर

श्टांडेसआम्ट जन्मनोंदीत पुरवणी नोंद करतं आणि नवा दाखला देतं. तो आपोआप घरी येत नाही, मागावा लागतो. आंतरराष्ट्रीय बहुभाषिक प्रतही सोबत मागा, त्याने भारतीय वकिलातीत भाषांतराचा खर्च वाचतो. नवऱ्याचं पालकत्व संपल्यावर ते एकट्या आईकडे येतं, खऱ्या वडिलांकडे नाही. लग्न न करता दोघांचं पालकत्व हवं असेल तर त्याचा वेगळा दस्त युगेंटआम्टमध्ये किंवा नोटरीकडे करावा लागतो, श्टांडेसआम्टमध्ये तो होत नाही. मग आरोग्य विमा, मुलांचा सरकारी भत्ता आणि परदेशी नागरिक कार्यालय या तिघांना नवा दाखला पाठवा. आईने स्वतःचा भारतीय पासपोर्टही घटस्फोटाचा निकाल जोडून नव्याने काढावा, म्हणजे शेवटच्या पानावरचं जुनं नाव पुढच्या प्रत्येक खिडकीवर प्रश्न उभा करणार नाही.